"ख्रिश्चन पार्टी आहे, आपल्याला काय" म्हणायच्या आधी: नॉर्वेतला एक छोटा पक्ष कसा वाचायचा

नॉर्वेत लोकल इलेक्शन जवळ आलं की आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपमध्ये एक प्रश्न हमखास पडतो, की अरे मला मतदानाचं कार्ड आलंय, माझ्याकडे तर भारताचा पासपोर्ट आहे, मी व्होट करू शकतो का. तर हो, करू शकता. मतदानाच्या दिवसाआधीची सलग ३ वर्षं तुमची नोंद इथल्या फोल्केरेगिस्टरमध्ये, म्हणजे रहिवाशांच्या सरकारी नोंदवहीत असेल आणि वयाची अट पूर्ण असेल, तर कोम्यून आणि फिल्के म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिका आणि जिल्हा, या दोन्हीला तुम्हाला मत आहे. संसदेला नाही, त्याला नागरिकत्व लागतं. मग पुढचा प्रश्न येतो की कोणाला द्यायचं, कोणीतरी पक्षांची लिस्ट टाकतं, आणि लिस्टमध्ये क्रिस्टेली फोल्केपार्टी हे नाव आलं की "ही चर्चवाल्यांची पार्टी, आपला काय संबंध" असं म्हणून सगळे पुढे जातात.

मी स्टावांगरला राहतो, म्हणजे याच पक्षाच्या मुलखात, आणि मला हे पुढे जाणं खटकतं. या पक्षाला मत द्या असं मी सांगत नाहीये, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण न वाचता सोडून देणं आणि वाचून नाही म्हणणं यात फार फरक आहे, आणि दुसरं म्हणजे इथलं राजकारण कसं चालतं हे समजून घ्यायला या एका छोट्या पक्षाइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं मिळालेलं नाही. पुढचं लोकल इलेक्शन २०२७च्या सप्टेंबरात आहे, वेळ भरपूर आहे, तर हा पक्ष वाचायचा कसा ते माझ्या पद्धतीने सांगतो, हीच पद्धत बाकीच्या पक्षांनाही लावता येईल.

सगळ्यात आधी नाव. नावाचा सरळ अर्थ ख्रिस्ती लोकपक्ष, सगळे केआरएफ म्हणतात. नॉर्वेत ख्रिस्ती नावाने अजून छोटे पक्ष होऊन गेलेत, २०११ मध्ये पार्टिए दे क्रिस्टने नावाचा एक निघाला जो आता कोन्सेर्वातिव्त या नावाने लढतो, तो वेगळा आणि बराच जास्त कडवा, त्याची आणि याची गल्लत करू नका. अजून एक गल्लत हमखास होते ती म्हणजे लोकल इलेक्शनच्याच वेळी शिर्केवाल्ग पण असतं, म्हणजे नॉर्वेच्या चर्चच्या आतल्या कौन्सिलची निवडणूक, बऱ्याचदा मतदान केंद्राच्या अगदी शेजारीच त्याचं टेबल असतं. ते फक्त चर्चच्या सदस्यांसाठी आहे, त्याचा केआरएफशी काही संबंध नाही आणि तुम्ही त्या टेबलावर गेलात तरी काही बिघडत नाही, ते हसून योग्य खोली दाखवतात.

आता नावात ख्रिस्ती आहे म्हणून मत द्यायला ख्रिस्ती असावं लागतं का, तर कधीच नव्हतं. पक्षाकडून निवडून जाणाऱ्या प्रतिनिधीला मात्र स्वतःची ख्रिस्ती श्रद्धा जाहीरपणे मान्य करावी लागायची, हा नियम २०१३ मध्ये पक्षाने स्वतःच काढला. पक्षात त्यावर बरीच वर्षं वाद चालला होता, आणि मला वाटतं या पक्षाचा आजचा स्वभाव समजायला ही एक गोष्ट लक्षात ठेवावी.

दुसरं काम, नकाशा उघडा. हे मी फार महत्त्वाचं मानतो कारण आपण पक्षाचा विचार नेत्यांपासून सुरू करतो आणि हा पक्ष नेत्यांपासून सुरू झालेलाच नाही. नॉर्वेचा दक्षिण आणि पश्चिम किनारा बघा, क्रिस्तियानसानपासून स्टावांगर, बर्गेनपर्यंत, याला इथे बायबल बेल्टच म्हणतात. या पट्ट्यात गावोगावी पांढऱ्या लाकडी भिंतींची साधी घरं दिसतात, घंटा नाही, मनोरा नाही, त्याला बेडेहूस म्हणजे प्रार्थनाघर म्हणतात. हे चर्च नव्हे. चर्च सरकारी होतं, पाद्री सरकारने नेमलेला, आणि १७४१च्या एका कायद्याने तर पाद्र्याच्या परवानगीशिवाय लोकांनी जमून धर्माची सभा घ्यायलाच बंदी होती. हान्स निल्सेन हाउगे नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा गावोगाव पायी फिरून उपदेश करायला लागला, त्याला त्यापायी कितीतरी वर्षं तुरुंगात काढावी लागली, आणि तो कायदा शेवटी १८४२ मध्ये गेला. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये, भटजीला मध्ये न घेता देवाशी बोलणारे आणि गावोगाव पायी फिरणारे वारकरी आपल्याकडे आहेतच, तुलना शंभर टक्के जुळत नाही पण भावना पटकन कळते. हे बेडेहूसवाले लोक, दारूबंदीवाले लोक आणि राजधानीच्या भाषेऐवजी आपल्या बोलीतून आलेली नीनॉर्स्क लिहिणारे लोक, बऱ्याचदा एकाच घरातले असायचे, आणि ऑस्लोवाल्यांनी आम्हाला शिकवू नये ही त्यांची सगळ्यांची मिळून भावना होती.

हे लोक आधी व्हेन्स्त्र या उदारमतवादी पक्षात होते. तिथे आपलं ऐकलं जात नाही असं वाटून १९३३ मध्ये बर्गेनच्या भोवतालच्या होर्डालांडमध्ये त्यांनी स्वतःची लिस्ट काढली आणि त्याच वर्षी निल्स लाविक हा त्यांचा माणूस संसदेत गेला. एका जिल्ह्यातून एक माणूस, एवढाच पक्ष. देशभर पसरला तो युद्धानंतर, १९४५ मध्ये ८ जागा आल्या.

नकाशा बघताना आमच्या शेजारच्या आजींची आठवण येते. त्यांनी मला पहिल्यांदा बेडेहूसच्या बाजारला नेलं, म्हणजे बायकांनी विणलेले मोजे, केक, वाफल, लॉटरीची तिकिटं, आणि जमलेला पैसा मिशनला. मी भारतातला कळल्यावर एका आजोबांनी मला विचारलं, संताल लोक तुमच्या गावाजवळ राहतात का. मी नाशिकचा, मी म्हटलं नाही हो, ते लांब पूर्वेला. तर ते मला स्क्रेफ्सरूद या नॉर्वेजियन मिशनऱ्याचं सांगायला लागले जो १८६७ मध्ये संताल परगण्यात बेनागाडियाला जाऊन राहिला, आणि लहानपणी संतालांसाठी पैसे जमवायचो म्हणाले. त्यांना झारखंडचं गाव माहीत होतं आणि मला नव्हतं, याचं मला खरंच वाईट वाटलं. नॉर्वेची मोठी मिशनरी संस्था १८४२ मध्ये आमच्या स्टावांगरातच निघाली. हे सगळं सांगायचं कारण असं की केआरएफ गरीब देशांच्या मदतीसाठी, म्हणजे देशाच्या उत्पन्नाचा १ टक्का बाहेर द्या यासाठी इतका हटून का बसतो याचं उत्तर या वाफलच्या टेबलावर आहे. ऑस्लोत बसून कोणी ती पॉलिसी बनवलेली नाही, आजी-आजोबांनी नाणी टाकून बनवलीय.

तिसरं काम, टक्केवारी वाचायला शिका, आणि इथे आपली भारतीय सवय थोडी आड येते कारण आपल्याकडे जिंकला तो जिंकला. नॉर्वेच्या संसदेत, म्हणजे स्टूर्टिंगमध्ये १६९ जागा आहेत. १५० जागा १९ मतदारसंघांमध्ये मतांच्या प्रमाणात वाटतात, आणि उरलेल्या १९ जागा देशभरच्या मतांचं प्रमाण नीट बसावं म्हणून नंतर वाटतात, पण या नंतरच्या जागांमध्ये वाटा हवा तर देशभरात ४ टक्के मतं लागतात. या रेषेला स्पेरेग्रेन्से म्हणतात. हे दहावीच्या ३५ मार्कांसारखं आहे, ३४ आणि ३५ मध्ये अभ्यासाचा फरक काहीच नसतो पण निकालात सगळा फरक असतो. २०२१ मध्ये केआरएफला ३.८ टक्के मिळाले, जागा ३. २०२५ मध्ये ४.२ टक्के मिळाले, जागा ७. मतांमध्ये अर्धा टक्कासुद्धा फरक नाही आणि जागा दुपटीपेक्षा जास्त. म्हणून इलेक्शनच्या वेळी टीव्हीवर या पक्षाचा पोल ३.७ वरून ४.१ वर गेला की एवढी चर्चा का होते ते आता कळेल, कारण त्या चार जागांवर कधीकधी सरकार कोणाचं हे ठरू शकतं, आणि म्हणूनच मोठ्या मित्रपक्षाचे काही मतदार मुद्दाम छोट्याला मत देतात की तो रेषेच्या वर राहावा.

लोकल इलेक्शनमध्ये ही ४ टक्क्यांची रेषा नाहीच. हे नीट लक्षात ठेवा, कारण "छोट्या पक्षाला मत म्हणजे मत वाया" हे वाक्य मी आपल्या लोकांकडून सतत ऐकतो, आणि तुम्हाला ज्या इलेक्शनला मत आहे तिथे ते तेवढं खरंच नाही. कोम्यूनच्या सभागृहात जितक्या जास्त जागा तितक्या कमी मतात एक माणूस आत जातो.

चौथं, आणि माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या: पक्ष किती मोठा आहे हे सोडा, त्याने मिळवलं काय ते बघा. १९९७ मध्ये केआरएफला १३.७ टक्के मिळाले, २५ जागा, त्यांचं आजवरचं सगळ्यात मोठं यश. त्यांनी अजून दोन छोटे पक्ष बरोबर घेतले, तिघांच्या मिळून ४२ जागा झाल्या, संसद तेव्हा १६५ची. आणि केआरएफचे शेल मांगने बोन्नेविक पंतप्रधान झाले! १६५ पैकी ४२ वर सरकार, आपल्याकडे कोणी विश्वास ठेवणार नाही. हे होतं कारण इथे सरकारला बहुमत सिद्ध करावं लागत नाही, बहुमताने जोपर्यंत चालते व्हा म्हटलं नाही तोपर्यंत सरकार असतं, आणि संसद मुदतीआधी बरखास्त करता येतच नाही, चार वर्षं म्हणजे चार वर्षं, त्यामुळे सगळ्यांना बसून तडजोड करावीच लागते. हे सरकार २००० मध्ये गॅसवर चालणाऱ्या वीज प्रकल्पांच्या वादात पडलं, बोन्नेविकनी हवामानाच्या मुद्द्यावर खुर्ची सोडली पण मागे हटले नाहीत. २००१ मध्ये ते परत पंतप्रधान झाले, तेव्हा तर बरोबरचा हॉयरे हा पक्ष त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

बोन्नेविक स्वतः ल्यूथरन पाद्री. १९९८ मध्ये पंतप्रधान असताना त्यांनी जाहीर सांगितलं की मला नैराश्याचा त्रास होतोय, मी काही दिवस सुट्टीवर जातोय. तीनेक आठवड्यांनी परत कामावर आले. चालू पंतप्रधान, आणि १९९८ साल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्याच पानावर थांबलो होतो, आपल्या घरात असं कोणी बोललं असतं तर काकांनी काय म्हटलं असतं हे मला माहीत आहे. लोकांनी त्यानंतर त्यांना परत निवडून दिलं.

त्यांच्या त्याच पहिल्या सरकारने कोन्तान्तस्टॉट्टे आणली, म्हणजे एक-दोन वर्षांचं मूल सरकारी मदतीच्या बार्नेहागेत, पाळणाघरात न पाठवता घरी ठेवलं तर आईबापांना दरमहा पैसे. ही योजना आजही वादात आहे. केआरएफ म्हणतो आईबापांना निवड हवी, विरोधक म्हणतात यामुळे बायका, खास करून बाहेरून आलेल्या बायका, नोकरीपासून आणि मुलं भाषेपासून लांब राहतात. आपल्या घरांना हा मुद्दा सरळ लागतो, तेव्हा दोन्ही बाजू वाचा, आणि नियम NAV या इथल्या सरकारी कल्याण खात्याकडून तपासून घ्या कारण २०१७ पासून दोन्ही पालकांची इथे ५ वर्षं झालेली लागतात आणि नंतर काळही कमी केलाय. मला स्वतःला दोन्ही बाजूंत तथ्य वाटतं, आमच्या मुलीला बार्नेहागेत जाऊनच नॉर्स्क आलं, पण माझ्या बायकोला पहिल्या वर्षी निवड असती तर बरं झालं असतं असं ती अजून म्हणते.

अजून काही गोष्टी पटकन सांगतो ज्या या पक्षाच्या बोलण्यात कायम येतात: रविवारी दुकानं बंद राहावीत, दारूचे नियम सैल करू नयेत, युरोपियन युनियनमध्ये जाऊ नये, इस्रायलला पाठिंबा. शाळेतल्या धर्म या विषयाच्या नावात २०१५ मध्ये ख्रिस्ती धर्माचं "के" हे अक्षर परत आलं ते यांच्याच आग्रहाने, त्या विषयात हिंदू धर्म पण शिकवतात, तुमची मुलं शाळेत असतील तर पुस्तक एकदा चाळून बघा.

पाचवं काम जरा अवघड आहे, पक्ष कुठे मोडला ते बघा. केआरएफच्या बाबतीत दोन गोष्टी वाचाच. एक, २०१३ मध्ये नव्या उजव्या सरकारला बाहेरून पाठिंबा देताना यांनी करारात लिहून घेतलं की फॅमिली डॉक्टरला सद्सद्विवेकाच्या कारणाने गर्भपातासाठी रेफर करायला नकार देता यावा. २०१४च्या ८ मार्चला देशभरात बायका रस्त्यावर उतरल्या आणि सरकारला तो विषय सोडावा लागला. गर्भपात नाकारल्यावर सविता हलप्पनवार आयर्लंडच्या हॉस्पिटलात वारली ते २०१२ साल होतं, त्यामुळे आपल्या भारतीय बायकांना या विषयावर वेगळं सांगावं लागत नाही, आयर्लंडची गोष्ट वेगळी आणि तिथला कायदा वेगळा, पण डॉक्टरची श्रद्धा आणि बाईचा हक्क हा प्रश्न तोच. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेने बाईला स्वतःच्या निर्णयाने गर्भपात करता येण्याची मुदत १२ वरून १८ आठवडे केली, केआरएफ त्याच्या विरोधात होता. या मुद्द्यावर तुमचं मत पक्कं असेल तर तुमचा निर्णय इथेच होईल आणि तो बरोबरच असेल, फक्त लोकल इलेक्शनमध्ये कोम्यून हे ठरवत नाही एवढं ध्यानात असू द्या.

दुसरं, २०१८. पक्षाचे अध्यक्ष क्नूत आरिल हारेइदे म्हणाले की आपण डावीकडे जाऊया, लेबर पार्टीबरोबर. पक्षातले बाकीचे बरेच नेते म्हणाले उजवीकडे. मग त्यांनी काय केलं, तर जिल्ह्याजिल्ह्यात सभा घेतल्या, प्रतिनिधी निवडले, २ नोव्हेंबरला सगळे जमले आणि मत घेतलं. ९८ विरुद्ध ९०, उजवीकडे. अध्यक्ष आठ मतांच्या फरकाने आपल्याच पक्षात हरले, जानेवारीत पद सोडलं, आणि पक्ष सरकारमध्ये गेला. कोणी आमदार घेऊन हॉटेलात गेलं नाही, कोणी चिन्हासाठी कोर्टात गेलं नाही. आपण महाराष्ट्रातून आलेली माणसं, गेल्या काही वर्षांत पक्ष कसे फुटतात ते बघून बसलोय, मला हे वाचताना घशात काहीतरी आलं होतं. पण त्याची किंमतही बघा, निम्मा पक्ष नाराज झाला आणि पुढच्याच संसदेच्या इलेक्शनला ते रेषेच्या खाली गेले. आता दाग इंगे उलस्टाइन अध्यक्ष आहेत आणि २०२५ ला परत वर आलेत.

आता हात घालायचं काम. पक्षाच्या वेबसाइटवर तुमच्या कोम्यूनचा जाहीरनामा असतो, देशाचा नाही, तुमच्या गावाचा वाचा. भाषांतराच्या अॅपमध्ये टाकला तरी चालतो. त्यात बार्नेहागे, म्हाताऱ्यांची देखभाल, बस, टोल, शाळा यावर काय लिहिलंय ते बघा आणि मग मागच्या चार वर्षांत सभागृहात त्यांनी मत काय दिलं ते बघा, कोम्यूनच्या सभांची कागदपत्रं सगळ्यांना खुली असतात. संसदेतली मतं स्टूर्टिंगच्या साइटवर मिळतात. एनआरके म्हणजे इथलं सरकारी टीव्ही-रेडिओ वगैरे वाल्गोमात काढतात, म्हणजे प्रश्नांची उत्तरं द्या आणि तुमच्या जवळचा पक्ष कोणता ते बघा, करून बघा पण त्याच्यावरच थांबू नका. ऑगस्टपासून गावाच्या चौकात प्रत्येक पक्षाचा छोटा स्टॉल लागतो, तिथे जा, कॉफी घ्या, आणि सरळ विचारा: माझ्यासारख्या हिंदू माणसाला तुमच्या पक्षात जागा काय आहे? मी विचारलं होतं. समोरच्या काकूंनी पाठ केलेलं उत्तर दिलं नाही, खुर्ची दिली, आणि वीस मिनिटं बोलल्या, मला काही पटलं, काही नाही पटलं, पण आपल्याकडे उमेदवार असा वीस मिनिटं सापडत नाही. मोडकं नॉर्स्क चालतं, इंग्लिश पण चालतं.

मतदानाला नोंदणी करायची नसते, नाव आपोआप यादीत येतं, कार्ड डिजिटल पोस्टबॉक्समध्ये नाहीतर पोस्टाने येतं. कार्ड नसलं तरी चालतं, फोटोचं ओळखपत्र मात्र लागतंच. आधीचं मतदान १० ऑगस्टपासून सुरू होतं, लायब्ररीत वगैरे, आणि ते कुठल्याही कोम्यूनमध्ये करता येतं, मुख्य दिवशी मात्र आपल्याच कोम्यूनमध्ये. पडद्यामागे प्रत्येक पक्षाच्या वेगळ्या मतपत्रिकांचे गठ्ठे असतात, एक कोम्यूनची, एक फिल्केची, ऑस्लोत फिल्केऐवजी बिदेल म्हणजे वॉर्डची. दोन्हीला वेगवेगळा पक्ष चालतो. कोम्यूनच्या पत्रिकेवर ठळक अक्षरात छापलेली नावं म्हणजे पक्षाने आधीच २५ टक्के जादा मतांचा धक्का दिलेले उमेदवार. तुम्हाला हवा तो माणूस असेल तर त्याच्या नावापुढे खूण करा, खाली कुठे असला तरी वर येऊ शकतो, आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांची नावं बऱ्याचदा खालीच असतात म्हणून ही खूण करायला विसरू नका. कोम्यूनच्या पत्रिकेवर दुसऱ्या पक्षाच्या माणसाचं नाव पण लिहिता येतं, पण त्याबरोबर तुमच्या मताचा थोडा हिस्सा त्या दुसऱ्या पक्षाकडे जातो, हे माहीत असून लिहा.

मग पत्रिका पक्षाचं नाव आत राहील अशी घडी घाला. मी पहिल्या वेळी पाकीट शोधत बसलो होतो, मुख्य दिवशी पाकीट नसतं, फक्त घडी. ती घेऊन टेबलाशी जा, ओळखपत्र दाखवा, ते यादीत नावावर खूण करतात, घडीच्या बाहेर शिक्का मारतात, आणि पेटीत तुम्ही स्वतः टाकायची. दोन पत्रिका असतील तर दोन्हींवर शिक्का बसलाय ना ते बघूनच टाका, शिक्का नसलेली मोजत नाहीत.